मोगलाई आणि खालसा : दोन्हीकडे कायमचे राहण्याची प्राथमिक मार्गदर्शिका

दोन शेजारी देशांत एकाच वेळी कायमचा रहिवासी व्हायचे ज्याच्या मनात आहे, त्याने आधी गाव नीट निवडावे. वकील, पैसा, ओळखीचा कारकून या गोष्टी नंतरच्या. गाव असे हवे की सकाळी एका सरकारला शिव्या घालून निघालेला माणूस न्याहारीच्या आत दुसऱ्या सरकारला शिव्या घालायला पोचला पाहिजे. या कामासाठी मी येडशीची शिफारस करतो.

काळही निवडावा लागेल, आणि तो १७ सप्टेंबर १९४८ च्या आधीचा. आज येडशीहून घाट उतरून पांगरीकडे निघालात, तर धाराशिव जिल्हा संपून सोलापूर जिल्हा कधी लागला हे पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. तेव्हा मात्र पांगरी इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात, बार्शी तालुक्यात होती आणि येडशी निजामाच्या हैदराबाद संस्थानात, उस्मानाबाद म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात. पलीकडचा मुलूख खालसा, इकडचा मोगलाई. त्या काळात जाण्याची सोय मात्र ज्याची त्याने करावी.

इथे एखादा शंकेखोर म्हणेल, संस्थान म्हणजे काही देश नव्हे. ज्या मुलखाचे नाणे वेगळे, टपालाचे तिकीट वेगळे, जकात वेगळी, दफ्तराची भाषा वेगळी, सरकारी पंचांग वेगळे आणि पदरी फौज, त्याला नवशिक्याने देश समजून चालायला हरकत नाही. पुढे तेरा महिने त्या मुलखाच्या राजानेही तसेच समजून पाहिले.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. तुम्ही हललाच पाहिजेत असे नाही. कधी कधी हद्दच चालत तुमच्या दारात येते. निजामाच्या पदरी ठेवलेल्या कंपनीच्या फौजेचा खर्च थकला म्हणून १८५३ साली नळदुर्गचा सगळा मुलूख वऱ्हाडाबरोबर इंग्रजांच्या ताब्यात गेला. कारभार पाहायला आले मेडोज टेलर, ठगाची कादंबरी लिहिणारे तेच. सात वर्षांनी, १८६० मध्ये, मुलूख निजामाला परत. म्हणजे धाराशिवच्या बाजूचा शेतकरी आपल्या बांधावरून न उठता मोगलाईतून इंग्रजीत गेला आणि इंग्रजीतून मोगलाईत आला. त्याला कोणी अर्ज भरायला सांगितले नाही. ही सोय वारंवार मिळत नाही, म्हणून पुढच्या सूचना.

कागदपत्रे

खालसातला रहिवास सोपा. इंग्रजाच्या मुलखात जन्मलेला तो इंग्रजाचा प्रजाजन. शेतसारा वेळेवर आला की तुम्ही रात्री झोपता कुठे याची चौकशी मामलेदार करत बसत नाही. अवघड काम इकडे. १९१९ साली निजामाने फर्मान काढून मुलकी कोण आणि गैरमुलकी कोण याचे नियम घालून दिले. सरकारी नोकरी मुलकी माणसालाच. बाहेरचा घ्यायचा तर खास परवानगी हवी. तुम्ही जन्माने संस्थानचे असाल तर प्रश्न मिटला. नसाल तर पंधरा वर्षे संस्थानात कायमचे राहा. तेवढ्याने भागत नाही. आपल्या मूळ मुलखाला परत जाण्याचा विचार आपण सोडून दिलेला आहे, असे ठराविक नमुन्यात प्रतिज्ञेवर लिहून द्यायचे आणि मॅजिस्ट्रेटकडून साक्षांकित करून घ्यायचे.

हे कलम नवशिक्याने दोनदा वाचावे, कारण सगळी मेख इथे आहे. सरकारला तुमचे पाय कुठे आहेत एवढे कळून पुरत नाही. मन कुठे आहे तेही लिहून हवे असते. पंधरा वर्षे राहणे हा हिशेबाचा भाग आहे, कोणीही मोजू शकेल. विचार सोडला की नाही हे कोणत्या फूटपट्टीने मोजणार? बार्शीला वडिलोपार्जित वाडा आहे, त्याचा एक खण पडला आहे, तो दिवाळीनंतर बांधायचा मनात आहे. हा परत जाण्याचा विचार झाला का? माझे मत असे की वाडा बांधायला घेतला तर झाला. नुसते मनात असेल तर नाही. वाडे मनात ठेवण्यात आपले लोक तरबेज असल्यामुळे प्रतिज्ञा खोटी पडायची भीती फारशी नव्हती.

ही युक्ती फक्त निजामालाच सुचली असे मानू नका. आपली पोरे आज विंडसरला राहतात आणि नदीपलीकडे डेट्रॉइटला कामाला जातात. कॅनडा सांगते, कायमचा रहिवास टिकवायचा तर पाच वर्षांत ७३० दिवस आमच्याकडे काढ. अमेरिका सांगते, वर्षाहून जास्त बाहेर राहिलास तर रहिवास सोडलास असे आम्ही धरून चालू. त्यातल्या त्यात शहाणपण एवढेच, की शेजारच्या देशात राहून रोज हद्द ओलांडणाऱ्या ग्रीन कार्डवाल्यासाठी अमेरिकेने वेगळी सोय ठेवली आहे. बाकी विमानतळावरचा अधिकारी जो प्रश्न विचारतो तो आमच्या मॅजिस्ट्रेटचाच: तुझे खरे घर कोणते? याला एका वाक्यात उत्तर देऊ नये. आईची तब्येत, भाऊबंदकीचा दावा, विहिरीचे अर्धवट काम, यांपैकी काहीतरी बोलायला काढावे. अधिकारी कंटाळतो.

तुमच्या घरात ज्याच्यासाठी हा खटाटोप चालला आहे ते मूल अजून जन्माला यायचे असेल, तर मात्र प्रतिज्ञेच्या भानगडीत न पडता जुन्या रिवाजावर भरवसा ठेवावा. येडशीच्या मुलकी मुलाला पांगरीची मुलगी करा. नियमाप्रमाणे मुलकी माणसाची बायको मुलकी. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणजे खालसात. मूल बापाकडून निजामाचे आणि जन्मगावाकडून इंग्रजाचे. दोन्ही सरकारांनी मिळून जे कायदे केले त्यांनी जे साधले नाही ते सुईण आणि आजी यांनी सहज साधून दिले. पाचवीला सटवाई कपाळावर लिहून जाते तेव्हा ती कुठल्या दफ्तराची भाषा वापरते, हा प्रश्न विद्वानांसाठी सोडतो.

पैसे

दोन पिशव्या शिवून घ्या. एकीत कलदार, दुसरीत हाली. कलदार म्हणजे इंग्रजी रुपया. हाली म्हणजे चारमिनारचे चित्र असलेला निजामाचा. सरकारी भाव सहा कलदाराला सात हाली. म्हणजे शंभर कलदार मोजून द्याल तर हातात एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली पडायला हवेत. पडत नाहीत. मधे सराफ बसलेला असतो आणि त्याचा बट्टा असतो. नवशिक्याने सौदा ठरवताना रुपया म्हटल्यावर कोणता, हे त्याच वाक्यात विचारावे. पुढच्या वाक्यापर्यंत थांबलेल्यांच्या जमिनी गेल्या आहेत.

उधारी देताना कलदारात बोलावे, घेताना हालीत. हुंडा ठरवताना दोन्ही बाजूंनी गप्प बसण्याची पद्धत आहे आणि त्याचे परिणाम मांडवात दिसतात.

कचेरी

खालसात तलाठी किंवा कुलकर्णी, त्याच्यावर मामलेदार, त्याच्यावर कलेक्टर. मोगलाईत पटवारी, त्याच्यावर तहसीलदार, त्याच्यावर तालुकदार. इथे फसायला होते: तालुकदार हा तालुक्याचा नव्हे, अख्ख्या जिल्ह्याचा साहेब. त्याला मामलेदार समजून नमस्कार केलात तर नमस्कार कमी पडेल. फौजदाराला इकडे अमीन म्हणतात. वरच्या कचेरीची भाषा उर्दू, गावच्या दफ्तरात मोडीही चालते, आणि तारीख फसली सनाची. इसवी सनातून ५९०, आणि ऑक्टोबरच्या आधीची तारीख असेल तर ५९१ वजा करा म्हणजे फसली सन हाती लागतो. वर्ष ऑक्टोबरात आजूर महिन्याने सुरू होते. त्यामुळे एकाच माणसाने एकाच दिवशी बार्शीला १९३५ साली खत केले आणि उस्मानाबादला १३४४ साली. वकिलाला हे सांगावे लागत नाही, त्याचे पोट त्यावर चालते.

पत्र पाठवताना तिकीट पाहून लावावे. निजामाचे तिकीट निजामाच्या हद्दीपुरते. सासुरवाडी घाट उतरल्यावर पहिल्याच स्टेशनावर असली तरी ती परमुलखात आहे. तिला इंग्रजी तिकीटच लागते. बहुतेक लोक निरोप्याला धाडत आणि तोच हिशेबाला स्वस्त पडे.

नाका

हद्दीवर करोडगिरीचा नाका. निजामाच्या राज्यात येणाऱ्या मालावर जकात आणि जाणाऱ्यावरही जकात, साधारण शेकडा पाच. मोगलाईतला कापूस बार्शीच्या पेठेत जायचा आणि बार्शीचे कापड, मीठ, लोखंड इकडे यायचे, त्यामुळे नाक्यावरच्या माणसाला दोन्ही हातांना काम. नवशिक्याने डोक्यावरून माल नेऊ नये, अंगावरून न्यावा. नवे लुगडे नेसून गेलेल्या बाईला जकात नाही. पाच लुगडी नेसून गेलेली बाई जाड दिसते एवढेच, आणि जाड असणे दोन्ही राज्यांत कायदेशीर होते.

या विषयावर आमच्याकडे इतके ज्ञान साठलेले आहे की त्याचा वेगळा ग्रंथ होईल, पण तो लिहिला तर काही घराण्यांच्या श्रीमंतीचा खुलासा करावा लागेल. आता येडशीला टोलनाका आहे. सोलापूर ते येडशी आणि येडशी ते औरंगाबाद असा चौपदरी रस्ता झाला आणि परंपरा पुढे चालू राहिली. फरक इतकाच की फास्टॅगशी बोलता येत नाही.

प्रवास

एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने लंडनला १८९५ साली कंपनी काढून बार्शी लाइट रेल्वे बांधली. अडीच फुटी रूळ. १८९७ साली पहिली गाडी बार्शी रोड, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत धावली. पुढे ती पांगरी, येडशी करत १९११ पर्यंत लातूरला पोचली. पांगरी आणि येडशी यांच्या मधे डब्यात बसल्या बसल्या राज्य बदलते. झोप लागली असेल तर कळत नाही, आणि या गाडीत झोप लागते. उस्मानाबादच्या शेजारून गाडी गेली पण गावात शिरली नाही. जिल्ह्याच्या ठिकाणाला रूळ मिळायला एकविसावे शतक उजाडावे लागले. तोवर उस्मानाबादकराने आगगाडी पाहायची ती येडशीला.

बारकाईने पाहिले तर गाडीत बसलेला माणूस ना मोगलाईत असतो ना खालसात. तो लंडनच्या एका खासगी कंपनीच्या ताब्यात असतो. सरकारने ती १९५४ साली विकत घेतली. त्याआधी तिसऱ्या रहिवासाची हौस असणाऱ्यांनी तिमाही पास काढून पाहायला हरकत नव्हती.

धर्मकृत्ये

देवांची वाटणी अशी: तुळजाभवानी मोगलाईत, विठोबा खालसात. वाटणी करणाऱ्याने मराठी माणसाला विचारले नव्हते हे उघड आहे. कुलदैवत एका राज्यात आणि आराध्यदैवत दुसऱ्या राज्यात असल्यामुळे आमच्या लोकांना दोन्हीकडे येण्याजाण्याचा जो हक्क होता तो कुठल्याच फर्मानात नाही आणि कुठल्या नाकेदाराने तो नाकारल्याचे ऐकिवात नाही. टाळ आणि पताका यांवर शेकडा पाच आकारण्याची छाती करोडगिरीला झाली नाही. नवशिक्याने वारीबरोबर जावे, नवरात्रात परत यावे. श्रावणात कुठे जायचे सुचेनासे झाले तर गावाशेजारी घाटात रामलिंग आहे. जटायू तिथे पडला असे सांगतात. तिथली माकडे कोणत्याच सरकारला सारा देत नाहीत.

लग्नाचे मात्र जपून. शारदा कायदा १ एप्रिल १९३० पासून लागू झाला, तो इंग्रजी मुलखात. मुलगी चौदा वर्षांची आणि मुलगा अठरा वर्षांचा झाल्याशिवाय लग्न नाही. मग देशभर ठिकठिकाणची वऱ्हाडे संस्थानांच्या वाटेला लागली. हद्द ओलांडली की कायदा मागे राहिला, पोरगी पुढे. दोन देशांचा रहिवासी होण्याचे जे फायदे या मार्गदर्शिकेत सांगितले आहेत त्यांत हा मी धरत नाही. ज्या सोयीने आजोबांचा कापूस सुटला त्याच सोयीने आजीचे बालपण गेले, एवढे नोंदवून पुढे जातो.

तोंड

सरकारवर बोलायचे असेल तर ज्या सरकारवर बोलायचे त्याच्या हद्दीबाहेर जाऊन बोलावे. निजामाने गश्ती, म्हणजे परिपत्रक, क्रमांक ५३ काढून परवानगीशिवाय सभा घ्यायला बंदी केली होती. म्हणून हैदराबाद संस्थानची राजकीय परिषद १९२३ साली काकीनाड्याला भरली, १९२६ ला मुंबईला, १९२८ ला पुण्याला, १९३१ ला अकोल्याला. संस्थानातल्या रयतेची परिषद, आणि ती संस्थान सोडून सगळीकडे. उलट, इंग्रजावर नाराज झालेल्याला इकडे येऊन फार बोलता येत नसे, कारण निजाम इंग्रजाचा जुना दोस्त. तेव्हा येडशीकराने निजामावरचे भाषण बार्शीला करावे आणि इंग्रजावरचे भाषण घरात, बायकोसमोर.

नियमाला अपवाद असतात. स्वामी रामानंद तीर्थ जन्माने विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचे, शिकले सोलापुरात. म्हणजे इंग्रजी मुलखातले. ते आमच्या जिल्ह्यात हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आले आणि मोगलाईचे झाले. परत जाण्याचा विचार त्यांनी खरोखरच सोडला होता. संन्यासच घेतला. प्रतिज्ञापत्राची अट इतक्या तंतोतंत पाळणारा दुसरा गैरमुलकी निजामाला मिळाला नसेल, आणि त्याने पुढे निजामाचीच झोप उडवली.

ही मार्गदर्शिका कधी वापरू नये

१५ ऑगस्ट १९४७ पासून पुढे. त्या दिवशी पांगरी स्वतंत्र भारतात गेली आणि येडशी एका राजाच्या म्हणण्याप्रमाणे स्वतंत्र हैदराबादेत राहिली. आता ते खरेच दोन देश झाले होते, निदान एका बाजूच्या मते, आणि नेमक्या त्याच वेळी दोन्हीकडे राहणे अशक्य झाले. २९ नोव्हेंबर १९४७ ला जैसे थे करार झाला. त्यावरची शाई वाळते न वाळते तोच हैदराबादने वटहुकूम काढून हिंदी नाणे आपल्या राज्यात बेकायदा ठरवले. दोन पिशव्यांपैकी एक निकामी झाली. पलीकडून भारताने मालाची कोंडी केली. लातूरच्या वकिलाच्या, कासिम रझवीच्या, सशस्त्र रझाकारांचा जोर वाढला. उस्मानाबाद जिल्ह्यातली माणसे पोरेबाळे घेऊन बार्शी-सोलापुरात निर्वासित झाली आणि बार्शीच्या बाजूने सशस्त्र तरुणांची शिबिरे हद्दीवर येऊन बसली. ज्या पायवाटेने लुगडी येत तिने बंदुका यायला लागल्या. अशा वेळी पांगरीत मेहुणा आहे हे भूषण राहत नाही; दोन्हीकडचे लोक त्याला पुरावा म्हणतात.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारताची फौज सोलापुराकडून नळदुर्गावर आली. १७ तारखेला निजाम शरण आला. त्यानंतर मुसलमानांची पाळी. पंडित सुंदरलाल समितीने सर्वांत जास्त होरपळलेले म्हणून जे चार जिल्हे नोंदवले त्यांत उस्मानाबाद आहे. तो अहवाल कित्येक वर्षे लोकांपुढे आला नाही. सतरा सप्टेंबरला आम्ही मुक्तिदिनाचा झेंडा लावतो आणि तो लावावाच. पण हद्दीवरच्या गावाने दोन्ही पळापळी पाहिल्या आहेत. दुसरीबद्दल पारावर कोणी आवाज चढवून बोलत नाही.

१९५६ च्या १ नोव्हेंबरला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पांगरी-येडशीच्या मधली रेघ जिल्ह्याची रेघ झाली.

उशिरा आलेल्यांसाठी

जुनी दोन्हीकडची कागदे फेकून दिली असतील तर आता हळहळ करा. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठा-कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि निजामकाळचे कागद एकदम सोन्याच्या भावाचे झाले. २ सप्टेंबर २०२५ ला सरकारने या नोंदींसाठी हैदराबाद गॅझेट लागू करण्याचा निर्णय काढला. उर्दू वाचणारे म्हातारे आणि मोडी वाचणारे तरुण यांना एवढा मान पूर्वी कधी मिळाला नव्हता. ज्यांच्या आजोबांनी दोन्ही सरकारांत पाय ठेवला त्यांचे नातू आता दोन्हीकडच्या कचेऱ्यांत खेटे घालतात. चुलत्याची नोंद खालसात एक, बापाची मोगलाईत दुसरी, आणि तहसील कार्यालयातला मुलगा विचारतो, तुम्ही मूळचे कुठले? इथे वर सांगितलेला आईच्या तब्येतीचा उपाय चालत नाही. संगणकात तो रकाना नाही.

आणि ज्याला आजही, याच देशात, ही हौस पुरी करायची असेल त्याने चंद्रपूर जिल्ह्यात जिवती तालुक्याला जावे. तोही भाग पूर्वी निजामाचाच. तिथल्या चौदा गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघेही हक्क सांगतात. दोन शिधापत्रिका, दोन मतदार याद्या, मराठी शाळा आणि तेलुगू शाळा. महाराजगुड्यातल्या एका घराचे स्वयंपाकघर तेलंगणात आणि झोपायची खोली महाराष्ट्रात असल्याचे सगळ्या वर्तमानपत्रांनी छापले होते. २०२४ च्या लोकसभेला चंद्रपूरचे मतदान १९ एप्रिलला होते आणि आदिलाबादचे १३ मे रोजी, म्हणजे बोटावरची शाई पुसट व्हायला मधे पुरेसे दिवस. दोनदा मत देणे गुन्हा आहे, हे मी मार्गदर्शक या नात्याने सांगून ठेवतो.

त्या गावांत मराठवाड्यातून जाऊन वसलेली कुटुंबेही आहेत. जागा बघायला गेलात तर घर दाखवतील, दोन्ही रेशनकार्डे दाखवतील, चहा देतील. ज्या जमिनीवर ते कसतात तिच्या पट्ट्याचे विचारा. तो अजून कोणत्याच राज्याकडून मिळालेला नाही, अशी बहुतेकांची तक्रार ऐकायला मिळेल.